एका स्क्रूची मागणी: बटण सेलवर चालणारी उपकरणे बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
रिमोट, वजनकाटे, थर्मामीटर, शोभेचे दिवे, गाडीच्या रिमोट चाव्या, गाणारी शुभेच्छापत्रे अशा वस्तूंचे आराखडे करणारे अभियंते, त्यांचे साचे बनवणारे कारखानदार आणि हा माल आपल्या नावाने विकणारे सर्वजण

स. न. वि. वि.

टेबलावर ठेवलेला तुमचा एखादा नमुना उचला, उलटा करा आणि अंगठ्याच्या नखाने सेलचे झाकण सरकवून पाहा. निघाले? मग आता तोच नमुना मीटरभर उंचीवरून फरशीवर टाका. झाकण एकीकडे, सेल दुसरीकडे घरंगळत गेला असेल तर हे पत्र तुमच्यासाठीच आहे. आम्ही मुलांवर उपचार करणारे डॉक्टर आणि उपकरणे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ. आमची मागणी छोटी आहे: बटण सेल, म्हणजे नाण्यासारखा चपटा गोल सेल, असलेल्या प्रत्येक वस्तूचे झाकण स्क्रूने बंद व्हावे, आणि तो स्क्रू वस्तू भंगारात जाईपर्यंत टिकावा. वस्तू खेळणे असो वा नसो.

एवढ्याशा मागणीला एवढे मोठे पत्र का, तर सेल गिळल्यावर शरीरात काय होते याबद्दल एक चुकीची समजूत फार घट्ट बसली आहे. सेल पोटात फुटतो, आतले रसायन गळते आणि त्याने भाजते, असे बहुतेकांना वाटते. त्यामुळे ‘आम्ही चांगल्या प्रतीचा, न गळणारा सेल देतो’ असे उत्तर मिळते. लिथियमचा चपटा सेल अन्ननलिकेत अडकतो तेव्हा तो जराही न गळता इजा करतो. उलट सेल जितका चांगला आणि ताजा, तितकी इजा जास्त.

सीआर२०३२ हा लिथियमचा बटण सेल हातात घेऊन बघा. नावातच माप आहे: व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. अधिकचे चिन्ह आणि अक्षरे असलेली रुंद बाजू म्हणजे धन ध्रुव. त्याचा पत्रा कडेवरून वळून वरपर्यंत आलेला असतो. पलीकडची किंचित अरुंद टोपी हा ऋण ध्रुव. दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकची एक बारीक कडी, तिची रुंदी मिलिमीटरभरही नसते. अन्ननलिकेचे ओले अस्तर सेलला दोन्हीकडून चिकटले की या कडीवरून सर्किट पूर्ण होते आणि शरीरातल्या द्रवातून वीज वाहू लागते. ऋण बाजूला पाण्याचे विघटन होते, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि हायड्रॉक्साइड ही दाहक अल्कली साचत जाते. तिथला पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप, १२-१३ पर्यंत चढतो. तुंबलेली मोरी मोकळी करायला जो कॉस्टिक सोडा ओततात, त्याच जातीचा हा प्रकार, फक्त तो जागच्या जागी आणि सतत तयार होत राहतो. आम्लाने भाजले की वरचा थर गोठतो आणि थोडीफार आडकाठी होते. अल्कलीचे तसे नसते. ती मांस विरघळवत खाली उतरते.

हे वाचण्यापेक्षा बघितलेले बरे. पुढच्या आराखडा बैठकीच्या सुरुवातीला मांसाच्या ओल्या तुकड्यावर मिठाचे पाणी शिंपडा, त्यावर सीआर२०३२ ऋण बाजू खाली करून ठेवा आणि वरून दुसरा तुकडा दाबून ठेवा. थोड्याच वेळात कडेने बारीक फेस येऊ लागेल. बैठक दोन तास चालली, आणि तुमच्या बैठका चालतातच, तर शेवटी सेल उचला. खालच्या तुकड्यावर काळपट, बुळबुळीत खड्डा दिसेल. त्यात पीएच कागद बुडवला तर तो गडद निळा होतो. वरच्या, म्हणजे धन बाजूच्या तुकड्याला त्या मानाने कमी लागलेले असते. तुकडे टाकून द्या, सेलला चिकटपट्टी लावा आणि मग झाकणाचा विषय काढा.

‘संपलेल्या’ सेलचीही गोष्ट इथेच सांगायला हवी. हा सेल ३ व्होल्टचा. रिमोट किंवा वजनकाटा कुरकुर करू लागतो, सेल बदलायची खूण दाखवतो, तेव्हाही सेलमध्ये बहुधा दोन व्होल्टच्या वर दाब शिल्लक असतो. पाण्याचे विघटन व्हायला सव्वा व्होल्टच्या आसपास पुरतो. म्हणजे तुमच्या सर्किटच्या दृष्टीने जो सेल मेला, तो घशासाठी चांगलाच जिवंत असतो. घरातले लोक नवा सेल जपून ठेवतात आणि जुना टेबलावर टाकतात, ते या अज्ञानामुळेच. त्यात लिथियम सेलचा जो गुण तुम्ही जाहिरातीत सांगता, की न वापरता पडून राहिला तरी वर्षानुवर्षे उतरत नाही, तो गुण सोफ्याखाली घरंगळलेल्या सेललाही लागू असतोच.

मापाचे म्हणाल तर २० मिमी हे नेमके वाईट माप आहे. एलआर४४ सारखा ११.६ मिमीचा सेल बहुतेक वेळा अन्ननलिकेतून सरकून पोटात जातो. तोही निर्धोक नव्हे. तान्ह्या बाळात तो अडकू शकतो, आणि नाकात किंवा कानात गेलेला कुठलाही बटण सेल तिथे अशीच जखम करतो, नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पाडतो. पण चार वर्षांखालच्या मुलाने २० मिमीचा लिथियम सेल गिळला की तो अन्ननलिकेत, बहुधा गळ्याच्या तळाशी, अडकून बसण्याची शक्यता मोठी. गंभीर इजा आणि मृत्यू मुख्यतः याच मापाचे असतात. पुढे कुठला अवयव जाणार हे सेलची ऋण बाजू कुणीकडे तोंड करून आहे त्यावर ठरते. पुढे असेल तर श्वासनलिका: दोन्ही नळ्यांच्या मध्ये भोक पडते आणि दूध फुप्फुसात जाऊ लागते. शेजारून जाणारी आवाजाची नस गेली तर स्वरयंत्र अधू होते. मागे असेल तर मणक्यापर्यंत जंतुसंसर्ग पोचतो. छातीत, महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) जवळ असेल तर त्याबद्दल खाली लिहितो.

आता वेळेचा हिशेब. अस्तराला इजा व्हायला १५ मिनिटांत सुरुवात होते आणि दोन तासांत ती गंभीर होऊ शकते. हे दोन तास गिळल्या क्षणापासून मोजायचे, कळल्यापासून नव्हे. आणि कळते कधी? मूल गिळताना बहुतेक वेळा कुणी पाहिलेले नसते. दीड वर्षाचे मूल सांगू शकत नाही, तीन वर्षांचे भीतीने सांगत नाही. लक्षणे दिसलीच तर लाळ गळणे, घास नको म्हणणे, खोकला, थोडी उलटी, कणकण. हे सर्दीचे आहे, दाताचे आहे, दृष्ट लागल्याचे आहे, असे कुणीही म्हणेल, म्हणतातच. काही मुलांत सुरुवातीला काहीच दिसत नाही. सगळे सुरळीत झाले, आईने बघितले, लगेच निघाले, तरी वाट, केसपेपर, एक्स-रे, भूल देणारे डॉक्टर, एंडोस्कोपीची (घशातून दुर्बीण घालून बघण्याची) खोली हे सगळे दोन तासांत बसवायचे असते.

एक्स-रेमध्येही फसगत होते. समोरून काढलेल्या चित्रात सेल नाण्यासारखा गोल दिसतो. नीट पाहिले तर सेलला कडेच्या आत आणखी एक फिकट कडे असते, आणि बाजूने काढलेल्या चित्रात अरुंद टोपीची पायरी दिसते. नाण्याला ना दुहेरी कडे, ना पायरी. गडबडीत ही पायरी नजरेतून सुटली की ‘नाणे आहे, सकाळी काढू’ असे ठरते आणि रात्र जाते. हा दोष आमच्या, डॉक्टरांच्या बाजूचा, तो तुमच्या माथी मारत नाही. पण सेल एकदा घशात गेल्यावर त्या दोन तासांत किती जणांना अचूक वागावे लागते हे तुम्हाला दिसावे.

शिवाय सेल काढला म्हणजे सुटलो असेही नाही. अल्कलीने पोखरलेली भिंत नंतरही विरघळत राहते. म्हणून सेल काढल्यावर डॉक्टर दुर्बिणीतूनच ती जागा ०.२५ टक्क्यांच्या निर्जंतुक ॲसिटिक आम्लाने धुतात, जेणेकरून उरलेली अल्कली मरेल. (घरी व्हिनेगर पाजणे हा त्याचा अर्थ नव्हे, ते मुळीच करू नये.) तरीही महाधमनीपर्यंत झीज पोचली असेल तर मूल घरी गेल्यावर, काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही रक्ताची उलटी होते. पहिली उलटी थोडी असते. दुसरीला वेळ मिळतोच असे नाही. वाचलेल्या मुलांत अन्ननलिका व्रण धरून आकसते आणि ती रुंद करायला पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागते.

या सगळ्या साखळीत वेळेवर हजर राहू शकेल अशी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे तुमचे झाकण. पालकांनी सेल जपून ठेवावेत हे खरेच, पण मुलांच्या हाती सेल कुठून लागतात ते पाहा. २०१० साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या सेल गिळण्याच्या नोंदींचा मोठा अभ्यास आला. त्यात सहा वर्षांखालच्या मुलांनी गिळलेल्या सेलपैकी सुमारे ६२ टक्के थेट उपकरणातून निघालेले होते, सुमारे ३० टक्के सुटे पडलेले आणि ८ टक्के पाकिटातले. म्हणजे ज्याला आपण निष्काळजीपणा म्हणतो, कपाट उघडे, सेल टेबलावर, तो निम्म्याहून कमी. बाकीच्या घरांत सेल जिथे असायला हवा तिथेच होता: तुमच्या वस्तूत, तुमच्या झाकणाखाली.

खेळणी बनवणारे म्हणतील की आम्ही स्क्रू लावतोच. खरे आहे. लहान मुलांच्या खेळण्यांत सेलचा कप्पा हत्याराशिवाय उघडू नये ही अट खेळण्यांच्या सुरक्षा मानकांत आहे. पण दीड वर्षाच्या मुलाला खेळणे आणि रिमोट यांतला फरक मान्य नसतो. किंबहुना मोठ्यांच्या हातात सारखा असतो तो रिमोटच त्याला हवा असतो. ‘हे उपकरण प्रौढांसाठी आहे’ असे माहितीपुस्तिकेत छापून जबाबदारी संपते, असा समज आराखड्याच्या टेबलावर का टिकून आहे हे आम्हाला कळत नाही. ऑस्ट्रेलियाने २२ जून २०२२ पासून बटण सेल असलेल्या ग्राहक वस्तूंना सक्तीची मानके लागू केली. अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये ‘रीस लॉ’ हा बटण सेलबद्दलचा कायदा झाला. तिथे आता कप्पा उघडायला हत्यार किंवा नाणे लागावे, नाहीतर दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी कराव्या लागाव्यात अशी अट आहे. तुमच्यापैकी जे या देशांना माल पाठवतात त्यांच्याकडे स्क्रूचा साचा आहेच. बाकीच्या देशांना वेगळा, बिनस्क्रूचा साचा चालवायचा असेल तर त्याचे कारण एकदा लेखी मांडून बघा. वाचायला कसे वाटते ते कळेल.

आता खुद्द झाकण. स्क्रू ‘आहे’ एवढ्याने भागत नाही, कारण बिघाड पुढे आणि ठरलेल्या जागी होतो.

सर्वांत जास्त वेळा बिघडतो तो प्लास्टिकच्या खांबात थेट घुसवलेला, आपले आटे आपणच पाडणारा स्क्रू. पहिल्यांदा तो छान बसतो. सेल बदलताना घरचा माणूस तो पुन्हा लावतो तेव्हा जुन्या आट्यात न बसवता तिरका घालून पिळतो, आणि नवे आटे जुन्यांना कापत जातात. तीन-चार वेळा असे झाले की स्क्रू नुसता फिरत राहतो. मग लोक तो काढून ठेवतात, झाकणाला चिकटपट्टी लावतात. उपाय तुम्हाला माहीत आहे: खांबात पितळी आट्याची नळी बसवायची आणि त्यात मशीन स्क्रू. जागा किंवा किंमत आड येत असेल तर निदान खांबाची भिंत जाड ठेवा, आटे खोलवर धरतील इतका लांब स्क्रू घ्या, आणि झाकणाच्या तोंडाशी थोडा सरळ मार्ग द्या, म्हणजे स्क्रू तिरका शिरणार नाही.

दुसरा बिघाड म्हणजे हरवलेला स्क्रू. दोन मिलिमीटरचा काळा स्क्रू गालिच्यात पडला की सापडत नाही, आणि झाकण चापावर तेवढ्यापुरते बसतेच, म्हणून कुणी शोधतही नाही. स्क्रू पूर्ण सैल केल्यावरही झाकणातच अडकून राहिला पाहिजे. मानेवर एक छोटी चकती किंवा स्क्रूचीच मान बारीक ठेवली की हे होते. आणि याहून महत्त्वाचे: स्क्रू लावल्याशिवाय झाकण जागेवर राहताच कामा नये. आज बहुतेक झाकणांना चापही असतो आणि स्क्रूही. स्क्रूशिवाय झाकण बंद ‘दिसते’. जे झाकण स्क्रूविना लगेच उघडे पडते, ते घरच्याला स्क्रू शोधायला लावते. चाप काढून टाकणे ही आमच्या मते या पत्रातली सर्वांत स्वस्त सूचना आहे.

नाण्याने फिरवायच्या गोल झाकणाचा दोष वेगळा. ते अर्धे फिरले तरी पृष्ठभागाशी सपाट दिसते. पूर्ण बंद झाल्याची टिचकी हाताला जाणवली पाहिजे, आणि बंद-उघडच्या खुणा नुसत्या कोरलेल्या नकोत, रंगीत असाव्यात. काळ्यावर काळी कोरीव खूण कुणाला दिसत नाही. खाच इतकी उथळ नको की चमच्याच्या टोकाने किंवा मुलाच्या नखाने फिरेल.

पत्त्यासारख्या पातळ रिमोटमधला सरकता खण हा आमच्या यादीतला सर्वांत वाईट प्रकार. एका बोटाने जीभ दाबायची, दुसऱ्याने खण ओढायचा, म्हणून याला ‘दोन हालचाली’ म्हणून मंजुरी मिळवण्याचा प्रयत्न होतो. प्रत्यक्षात दोन्ही हालचाली एकाच चिमटीत होतात. ती जीभ अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिकची असते, काही महिन्यांत तिची स्प्रिंग जाते, आणि खण नुसत्या झटक्याने बाहेर येतो. सेल त्यात निव्वळ ठेवलेला असतो, धरलेला नसतो. खण ठेवायचाच असेल तर कडेने एक आडवा स्क्रू द्या. पातळ रिमोटमध्ये स्क्रूला जागा नाही, हे कारण असेल तर रिमोट एक मिलिमीटर जाड करा.

सेल न बदलता येणाऱ्या, दोन भाग चिकटवून बंद केलेल्या वस्तू सुरक्षित वाटतात. त्यांची कडा उघडते ती पडल्यावर. शोभेच्या छोट्या दिव्यांत, लुकलुकणाऱ्या बिल्ल्यांत आणि गाणाऱ्या शुभेच्छापत्रांत तर सेल कागदाच्या किंवा पातळ पत्र्याच्या आधाराने असतो. पत्र फाडले की तो हातात. वर्षभर कुणी ज्याकडे बघणारही नाही अशा वस्तूत २० मिमीचा सेल घालण्याचे काही कारण नाही. मुळात असा सेल का निवडला, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर यायला हवा. रिमोट हातात धरायची वस्तू आहे, त्यात एएए सेल सहज मावतो. तो साडेचव्वेचाळीस मिमी लांब असतो आणि घशात असा अडकून बसत नाही. वजनकाट्यात तर जागाच जागा. पट्ट्या जोडून सर्किटवर डाग दिलेला सेल हाही पर्याय आहे. बारीकपणा हवा म्हणून २० मिमी निवडलाच, तर त्यासोबत स्क्रू येतो असे समजा.

चाचणी कशी घ्यावी याबद्दल आमचे मत असे. साच्यातून नुकत्याच काढलेल्या नव्या नमुन्यावर घेतलेली चाचणी फारशी कामाची नाही. आधी झाकण दहा वेळा उघडा-बंद करा, म्हणजे वस्तूने काही वर्षे काढल्यासारखे होईल. नमुना काही तास गरम कपाटात ठेवा, कारण साच्यातला ताण सुटल्यावर झाकण वाकडे होते ते तेव्हाच दिसते. मग तो मीटरभर उंचीवरून कठीण फरशीवर दहा वेळा, दर वेळी वेगळ्या कडेवर, टाका. कोपरा आणि झाकणाची बाजू वगळू नका. शेवटी झाकणाच्या फटीत नख घालून ओढा आणि मधोमध अंगठ्याने दाबा. या कशातही सेल नुसता दिसू लागला तरी नमुना नापास. झाकण उघडले नाही पण इतके फाकले की बोटाने सेल उकरता येईल, तर तेही उघडल्यासारखेच.

पाकिटाबद्दल दोन ओळी. प्रत्येक सेल वेगळ्या कप्प्यात असावा आणि एक कापून काढला तरी शेजारचा बंदच राहावा. कात्रीशिवाय कप्पा फुटू नये. उपकरणाच्या खोक्यात एक जादा सेल पॉलिथिनच्या चिमुकल्या पिशवीत सुटा टाकून द्यायची जी उदार पद्धत आहे ती ताबडतोब थांबवा. तो सेल कुणी मागितलेला नसतो, खोके उघडताना तो जमिनीवर पडतो, आणि खोक्याशी खेळायला मूल तिथेच बसलेले असते.

कडू लेपाबद्दल हल्ली बरेच विचारले जाते. काही सेलवर अतिशय कडू पदार्थाचा थर असतो, तोंडात घातल्याबरोबर मुलाने थुंकावे म्हणून. चांगली गोष्ट आहे, पण जे मूल गटकन गिळते त्याला चव कळेपर्यंत सेल गळ्याखाली गेलेला असतो. शिवाय काही उपकरणांत हा लेप संपर्काच्या पत्तीला आड येतो, उपकरण चालत नाही, आणि माणूस मग साधा सेल घालतो. तेव्हा पत्ती अशा जागी टेकवा की लेपाचे सेलही चालतील. दाबल्याशिवाय वीजच न सोडणारा लेप अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये करून दाखवला होता. कप्प्यातल्या स्प्रिंगच्या दाबाखाली सेल चालतो, घशातल्या हलक्या दाबाला बंद राहतो. असे सेल सगळीकडे मिळू लागले तर हे पत्र आम्ही आनंदाने मागे घेऊ. तोवर स्क्रू.

राहिली माहितीपुस्तिका. तुमच्या पुस्तिकांत शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत, ‘सेल गिळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ असे एक वाक्य असते. या वाक्याने नुकसान होते. सल्ला घ्यावा म्हणजे उद्या सकाळी नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे, असाच अर्थ माणूस घेतो. त्याजागी, पहिल्या पानावर आणि कप्प्याजवळच्या चिकटपट्टीवर जेवढा मावेल तेवढा, पुढील मजकूर छापावा. तो जसाच्या तसा घ्यायला आमची हरकत नाही.

‘या वस्तूत २० मिमीचा बटण सेल आहे. सेल गिळला, किंवा गिळल्याचा नुसता संशय असला, तरी लक्षणांची वाट न बघता थेट एंडोस्कोपीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तिथे पोचताच “बटण सेल गिळला आहे” हेच शब्द सांगा आणि हे उपकरण, तसाच दुसरा सेल किंवा पाकीट सोबत न्या. उलटी करवू नका. खायला-प्यायला देऊ नका. अपवाद एकच: मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळून १२ तास झाले नसतील, मूल गिळू शकत असेल आणि घरात मध लगेच हाताशी असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिलि मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे निघायला उशीर करू नका; तो वाटेत द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका. सेल नाकात किंवा कानात गेला असेल तर थेंब टाकू नका, पाणी मारू नका. तेही तातडीचेच आहे.’

मध हा उपचार नाही. तो सेलवर चिकट थर धरतो आणि अल्कलीचा जोर थोडा मोडतो, त्यामुळे रुग्णालयात पोचेपर्यंत इजा कमी वेगाने होते. सेल काढावाच लागतो.

सेल बदलण्याची कृतीही पुस्तिकेत आज उलट्या क्रमाने असते: जुना काढा, नवा घाला, झाकण लावा, आणि शेवटी कुठेतरी ‘जुन्याची विल्हेवाट लावा’. क्रम असा हवा. आधी मूल दुसऱ्या खोलीत आहे ना ते बघा. टेबलावर बसा, जमिनीवर नको. झाकण उघडून जुना सेल काढा आणि लगेच त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी गुंडाळा, मगच नव्याचे पाकीट कापा. नवा घालून स्क्रू आवळा, झाकण ओढून बघा. पट्टी लावलेला जुना सेल उंच, बंद डब्यात ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. घरच्या कचरापेटीत नको, मूल तिच्यातही हात घालते. पट्टीमुळे सेल निर्धोक होतो असे मात्र कुठे लिहू नका.

शेवटचा मुद्दा आधीच घराघरांत पोचलेल्या मालाचा. तुमच्या चापाच्या झाकणांच्या बऱ्याच साच्यांत स्क्रूच्या खांबाची जागा मूळ आराखड्यात असते, झाकणात फक्त भोक पाडलेले नसते. अशा मॉडेलसाठी भोक पाडलेले झाकण आणि त्यात अडकवलेला स्क्रू पाकिटात घालून मागेल त्याला मोफत पाठवता येईल. खांबाचीही जागा नसेल तर मॉडेलचे नाव आणि कप्प्याचे छायाचित्र जाहीर करून, झाकणावरून आडवी रुंद चिकटपट्टी पूर्ण वेढा देऊन लावायला ग्राहकांना सांगा. पट्टी दिसायला वाईट दिसते, याची आम्हाला कल्पना आहे. कोणत्या मॉडेलला झाकण मिळेल आणि कोणत्याला पट्टीच लावावी लागेल, ही यादी तुमच्याकडेच आहे. ती आम्हाला तीन महिन्यांत प्रसिद्ध झालेली हवी आहे.

आपले,
मुलांच्या अन्ननलिकेवर व कान-नाक-घशावर उपचार करणारे डॉक्टर आणि घरगुती उपकरणांची दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ